हिरव्या वायरचा व्हिडिओ

नंद्या,

तुझ्या शोकसभेत मी एक शब्द बोललो नाही, म्हणून तुझ्या सोसायटीतली माणसं माझ्यावर नाराज आहेत. सेक्रेटरी दोनदा माइक घेऊन माझ्यापर्यंत आले. तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र, दोन शब्द तरी बोला, म्हणाले. मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर खरं बोललो असतो आणि मग दहिसरला पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नसती. माझ्याआधी पाच जण बोलून गेले आणि पाचही जणांकडे मिळून एकच शब्द होता, जुगाड. नंदूदादांचा जुगाड, नंदूदादांचं डोकं, नंदूदादांनी आयुष्यात कधी काही टाकून दिलं नाही. एक गृहस्थ म्हणाले की हा माणूस परदेशात जन्मला असता तर शास्त्रज्ञ झाला असता. त्या वेळी मी तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं, कारण फोटोतही तू हसत होतास.

शास्त्रज्ञ म्हणे. गिटारच्या पट्टीला खोबरेल तेल चोळा, लाकूड कसं चमकतं बघा, असं जगाला सांगणारा शास्त्रज्ञ. तुझा तो व्हिडिओ आला आणि महिन्याभरात घाटकोपरच्या माझ्या दुकानात तीन गिटार आल्या, तिन्हींना मुंग्या. एकीच्या पोटात तर त्यांनी संसार थाटला होता. जिची गिटार होती ती मुलगी बिचारी म्हणाली, पण व्हिडिओत दादांनी सांगितलं होतं. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. माझ्या दुकानात तुझं नाव काढायचं नाही असा नियमच करून टाकला होता. वीस वर्षं मी गिटारदुरुस्ती करतोय, एकेका खाचेला माझ्याकडे वेगळी कानस आहे, आणि गेली काही वर्षं त्यातलं निम्मं काम तुझ्यामुळे येत होतं. टूथपेस्टने घासलेले पट्टीवरचे फ्रेट, त्यांना लवंगेचा वास. पट्टा निसटू नये म्हणून नळाचे वायसर. सुट्या झालेल्या स्क्रूच्या भोकात कोंबलेल्या आगकाड्या, त्याही गुलासकट. कुणीतरी गिटारच्या पोटात पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली होती, तीही धुवून वापरलेली, तिच्यावर भाजीच्या हळदीचा डाग तसाच. विचारलं तर म्हणाला, दादा म्हणाले फॉइल कुठलीही चालते.

हे सगळं तुला तोंडावर सांगितलंय, त्यामुळे मागून बोलतोय असं समजू नकोस.

आणि जे चालायचं तेही मला माहीत आहे. खायचा सोडा आणि सुपरग्लू मिळून दगडासारखं घट्ट होतं, झिजलेली खाच त्याने भरता येते, हे मी स्वतः करतो, फक्त गिऱ्हाइकासमोर करत नाही. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा तार छेडायचा पिक तू मला दिला होतास तो वाईट नव्हता. बोरिवलीच्या त्या साखरपुड्यात माझ्या गिटारच्या तारेच्या टोकाचा मणी तुटला, जादा तार नव्हती, नवरीकडची माणसं स्टेजकडे बघत होती. तू तुझ्या शर्टाचं बटण दातांनी तोडलंस, तार त्यातून ओवलीस आणि ब्रिजमध्ये अडकवलीस. दोन तास ती तार टिकली. तू दोन तास पोट दाखवत वाजवत बसलास, आणि नवरीच्या मामांनी शेवटी तुला एक उपरणं आणून दिलं. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता, सांगायचं राहिलं, आता सांगतो.

तेव्हा आपण विशीत होतो. मुलुंड ते दहिसर, कुठल्याही सोसायटीची पूजा असो, हळद असो, आपला ऑर्केस्ट्रा हजर. तुझे वडील गिरणी बंद पडल्यावर सिक्युरिटीची नोकरी करत होते, माझे वडील बँकेत होते. तुझ्या घरी नवीन वस्तू येणं हा प्रसंग असायचा आणि माझ्या घरी वस्तू बिघडली की माणूस बोलवायचे. तू जुगाडाला शहाणपण समजायचास आणि मी त्याला अडाणीपणा म्हणायचो, आणि दोघांनाही वाटायचं की आपण गिटारबद्दल बोलतोय. मी पुढे ऑर्केस्ट्रा सोडला, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली चार वर्षं लाकूड तासलं, दुकान काढलं. तू अंधेरीच्या गोदामात नोकरीला लागलास आणि सुट्टीच्या दिवशी वाजवत राहिलास.

मग तुझ्या हातात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आला आणि वाट लागली.

"घरचा गिटारवाला." स्वयंपाकाचा ओटा, मागे ताटांचा स्टँड, समोर स्टुलावर तू, मांडीवर गिटार. साबणाच्या डबीत तू आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प बसवलास आणि लोकांना डबीचा रंग निवडायला सांगितलंस. प्लास्टिकच्या डबीत सर्किट घातलं की ते आजूबाजूचा सगळा कचरा आवाज ओढून घेणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. अ‍ॅम्प लावल्यावर गूं असा जो घुमत राहणारा आवाज येतो, ज्याला आपण हम म्हणायचो, तो तुझ्याच डबीतून येत होता. हजारो लोकांनी तुझं बघून डब्या केल्या, हजारोंच्या घरी हम सुरू झाला, आणि सगळे तुलाच विचारायला लागले की दादा, हा आवाज कसा घालवायचा. आजार तूच वाटलास आणि औषधही तूच सांगितलंस. औषध काय, तर हिरव्या वायरचा व्हिडिओ.

आजही त्या व्हिडिओचं नाव घेतलं की माझं डोकं फिरतं. अ‍ॅम्पचा तीन पिनांचा प्लग उघडायचा, त्यातली हिरवी वायर सोडवायची, तिला टेप मारायची, प्लग बंद. "विषय संपला," असं म्हणून तू टाळी वाजवतोस. हम खरंच जातो, तेच तर वाईट आहे. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. अ‍ॅम्पच्या आत काही बिघडलं आणि लोखंडी पेटीत करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला तेवढी एकच वाट असते. ती बंद केली की करंट गिटारच्या तारांवर येऊन थांबतो, आणि तारांवर माणसाची बोटं असतात. तो माणूस गायला पुढे वाकला आणि माइकला ओठ लागले, की संपलं. मी काही फार शिकलेला नाही, पण एवढं मला कळतं, आणि तुलाही कळत होतं.

सहा वर्षं मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बाकीचे सगळे ठेव, तेल ठेव, मुंग्या ठेव, तेवढा एक व्हिडिओ काढ. आधी समजावून सांगितलं. मग शिव्या दिल्या. मग व्हिडिओखाली दुकानाच्या नावाने कमेंट लिहिली, सगळं नीट, मुद्देसूद. तू तिच्याखाली उत्तर दिलंस, "काका, चहा घ्या, शांत व्हा," आणि तुझ्या भक्तांनी त्यावर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पाडला. तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे मी. फोनवर तुझं ठरलेलं उत्तर होतं, आजवर कोण मेलंय काय. मी म्हणायचो, मेलेला माणूस कमेंट लिहायला येत नाही. तू म्हणायचास, शिऱ्या, तू लय टेन्शन घेतोस यार.

तू शेवटचा दुकानात आलास तेव्हा दोन वडापाव घेऊन आला होतास. मी एका गिटारची मान सरळ करत होतो, ते काम अर्धवट सोडता येत नाही, आणि तू समोर उभा राहून खात होतास. आदल्याच दिवशी एक गिऱ्हाईक अ‍ॅम्प घेऊन आलं होतं, हिरवी वायर टेप मारून आत कोंबलेली. मी काम न थांबवता बोललो.

"तुझं ऐकून कुणीतरी मरणार आहे, नंद्या. आणि तू त्याच्या शोकसभेलाही जाणार नाहीस, कारण तुला कळणारच नाही."

तू माझ्या पॉलिशच्या फडक्याला हात पुसलेस, तेही मला दिसलं. मग म्हणालास, "तुझं बरोबर असतं रे नेहमी." मला ते टोमण्यासारखं लागलं. मी मान वर केली नाही आणि तू निघून गेलास, तुझा वडापाव अर्धा तसाच ठेवून. मी तो कागदात गुंडाळून टाकून दिला.

दीड महिन्याने वहिनींचा फोन आला. तू शॉक लागून गेला नाहीस, हे इथे लिहून ठेवतो, कारण लोक लगेच तसं समजतील. दुपारी जेवून पडलास आणि उठला नाहीस, हृदय बंद पडलं. शॉक लागून गेला असतास तर निदान माझा मुद्दा सिद्ध झाला असता. हे वाक्य माझ्या मनात खरंच आलं होतं, स्मशानात, आणि त्याची मला लाज वाटली, तरी ते खोडत नाही.

शोकसभेत वहिनींनी सगळ्यांना सांगितलं की चॅनेल बंद होणार नाही, सगळे व्हिडिओ तसेच राहतील, हीच त्यांची आठवण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून हिशेब केला की आता तो व्हिडिओ कधीच निघणार नाही. जिवंत माणसाशी भांडता येतं. आठवणीशी कोण भांडणार, आणि तेही सुतकात.

तरी तेरावा झाल्यावर मी दहिसरला गेलोच. वहिनी पुन्हा ऑफिसला जायला लागल्या होत्या. घरी तुझी आई होती आणि सई होती. सई किती मोठी झाली रे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तुझ्यासारखीच कोपर टेकून बोलते. चॅनेल आता तीच बघते. मी विषय कसा काढायचा या विचारात चहा घेत होतो, तेवढ्यात तिनेच तुझा अ‍ॅम्प पुढे ओढला. काका, मला हा वाजवायचाय, एकदा तपासून देता का, म्हणाली. मी आधी प्लग हातात घेतला. सवयच आहे. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मनातल्या मनात तुला शिव्या द्यायची तयारी करून झाकण उघडलं.

हिरवी वायर जागेवर होती.

टोकाला लगचं पितळी टोपण दाबून बसवलेलं, स्क्रू घट्ट, वायर बरोबर मापाची. तुझ्या हातून इतकं नीट काम झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. भिंतीतलं सॉकेट बघितलं, तेही नवीन. टेस्ट लॅम्प लावला तर अर्थिंग व्यवस्थित. मी सईला विचारलं, हे कुणी केलं. तिच्याआधी तुझी आई बोलली. दोन वर्षांपूर्वी ती ओल्या फडक्याने तुझा अ‍ॅम्प पुसायला गेली.

"माझो हात असो झिणझिणलो," ती म्हणाली, "आणि नंदू एकदम पांढरो पडलो. दुसऱ्या दिवसाक मेस्तरी हाडलो."

मेस्तरी. ज्या माणसाने आयुष्यात प्लंबर बोलावला नाही, ज्याने लग्नात स्वतःच्या मांडवाचं वायरिंग स्वतः केलं, त्याने वायरमन बोलावून सगळ्या घराचं अर्थिंग करून घेतलं. सई म्हणाली, बाबांनी त्या दिवशी घरातले सगळे प्लग उघडून बघितले, मिक्सरचासुद्धा.

मी चहाचा कप खाली ठेवला. नंद्या, इतकी वर्षं मी तुला मूर्ख समजत होतो. मूर्ख माणसावर चिडता येतं, पण शेवटी आपण त्याला सोडून देतो. तुला कळलं होतं. तुझ्या आईचा हात झिणझिणला तेव्हा तुला सगळं कळलं आणि तू तुझं घर सुधारून घेतलंस, आणि ओट्यासमोर बसून टाळी वाजवणारा तो तू मात्र तसाच लोकांच्या फोनमध्ये चालू ठेवलास, कारण तुझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तो होता. तुझी आई तेवढी आई, बाकीच्यांच्या आया काय. आणि मग माझ्या दुकानात येऊन म्हणालास, तुझं बरोबर असतं रे. इतका हलकटपणा मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हता. तुझ्या आईसमोर बसलो होतो म्हणून हे तोंडातून बाहेर आलं नाही.

सईला मात्र सरळ सांगितलं, हिरव्या वायरचा व्हिडिओ काढून टाक. तिला कारण सांगावं लागलं नाही, आजीचा हात तिने बघितला होता. पण म्हणाली, काका, त्यात माझा हात आहे.

मला कळलं नाही. तिने सांगितलं की व्हिडिओच्या शेवटी तू हाक मारतोस, सई, पाणी आण गं, आणि एका बाजूने तिचा हात ग्लास घेऊन येतो. तेव्हा ती शाळेत होती. व्हिडिओची कॉपी ठेवता येईल, ते तिला माहीत होतं. पण खाली ज्या कमेंट आहेत आणि त्यांना तू दिलेली उत्तरं आहेत, ती जातील. लोक काहीबाही विचारायचे आणि तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास, अगदी नुसतं हाय म्हणणाऱ्यालाही. ती रोज त्यातली थोडी थोडी वाचते. अजून संपलेली नाहीत, म्हणाली.

मी उघडा प्लग परत बंद केला.

मग तिने मला विचारलं, तुम्ही तो व्हिडिओ पूर्ण बघितलाय का. मी म्हटलं, नाही. टाळी वाजते तिथे मी दर वेळी बंद करतो, पुढे बघायची मला किळस येते. ती म्हणाली, मग आधी पूर्ण बघा, आणि फोन माझ्या हातात दिला.

टाळीनंतर दोन मिनिटं आहेत. तू गिटार खाली ठेवतोस, पाणी पितोस, कॅमेरा बंद करायला पुढे येतोस आणि थांबतोस. तुझं तोंड एकदम जवळ येतं, नाकच नाक. आणि तू म्हणतोस:

"खरं सांगू काय, ही आयडिया माझी नाय. पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्राने दाखवली. लय हुशार माणूस. आता तो मोठा कारागीर झालाय, म्हणून नाव नाय सांगत, उगाच त्याच्या धंद्याची वाट लागायची."

आणि डोळा मारतोस.

मी विसरलो होतो असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. विसरलो नव्हतो. आठवायचं नाही असं ठरवून टाकलं होतं आणि ते इतकी वर्षं जमलं. मुलुंडला आमच्याच इमारतीच्या हॉलमध्ये सत्यनारायणाची पूजा होती, प्रसाद वाटून झाला होता, आणि आपले दोन्ही अ‍ॅम्प असे घुमत होते की निवेदन ऐकू येईना. मी कुठल्या तरी इंग्रजी मासिकाच्या झेरॉक्समध्ये वाचलं होतं. पूजेच्या ताटाशेजारची फळं कापायची सुरी घेतली, तिच्या टोकाने तुझ्या अ‍ॅम्पचा प्लग उघडला, हिरवी वायर ओढून काढली आणि कापून टाकली. आवाज गेला. हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि लोक वळून बघायला लागले. तू माझ्या पाया पडायचं नाटक केलंस. शिऱ्या, तू देवमाणूस आहेस, म्हणालास. त्याच कार्यक्रमात पुढे तुझ्या ओठाला माइकवर झटका बसला, तू माइकला रुमाल बांधलास आणि गात राहिलास. रुमाल तुझा होता, वायर मी कापली होती.

सहा वर्षं मी तुला खुनी म्हणत राहिलो आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की हे तूच शिकवलंस. एवढं एक वाक्य पुरलं असतं, मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडलं नसतं. तुझ्याकडे ते वाक्य होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मी तुला नाही नाही ते बोललो तेव्हाही होतं. तू वडापाव खात उभा राहिलास. मला हे तुझं मोठेपण वगैरे म्हणायचं नाही, तुझ्या सोसायटीत म्हणायला माणसं भरपूर आहेत. मला राग येतो. तू मला वाचवलंस तेही तुझ्याच पद्धतीने, वरून टेप मारून. आतला दोष तसाच राहिला आणि मला सहा वर्षं वाटत राहिलं की आपण निर्दोष आहोत. एकदा तरी तोंडावर फेकायचं होतंस. आपण भांडलो असतो, मी चार महिने बोललो नसतो, आणि नंतर कदाचित दोघांनी मिळून तो व्हिडिओ काढून टाकला असता.

सईने विचारलं, तो मित्र कोण, तुम्ही ओळखता का, बाबांनी मला कधीच सांगितलं नाही.

खोटं बोलायची फार छान संधी होती. ओळखत नाही म्हटलं असतं, व्हिडिओ निघाला असता, आणि ती दोन मिनिटंही त्याच्याबरोबर गेली असती. हे मी मनातल्या मनात पूर्ण तोलून बघितलं, तुला सांगतो.

"मी," म्हणालो.

तुझी आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती, तिने हात थांबवला.

"शिरीषा," ती म्हणाली, "तू तेका लय बोलायचंस रे. आता कोणाक बोलतलस?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खाली बघत बसलो आणि मला रडू आलं. तुझ्या घरात, तुझ्या अ‍ॅम्पसमोर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

सई तुझ्यापेक्षा व्यवहारी आहे. थोड्या वेळाने म्हणाली, व्हिडिओ मी काढते, आईला मी समजावेन, पण त्याच्या जागी काहीतरी आलं पाहिजे, नाहीतर ज्यांनी आधीच वायर काढून ठेवलीय त्यांना कोण सांगणार. आणि बाबांनी चूक केली असं मी सांगणार नाही काका, ते तुम्ही सांगा, तुमच्यापासून सुरू करून. मी म्हटलं, मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. ती म्हणाली, बाबांनाही येत नव्हतं, सुरुवातीचे बघा. मी म्हटलं, दुकानाचं नाव आहे, लोक काय म्हणतील. त्यावर ती नुसती कोपर टेकून बघत राहिली, आणि तशी ती बघायला लागली की कुणासारखी दिसते ते तुला सांगायला नको.

तिने तुझी उत्तरं फोनमध्ये टिपून घेतली, एकेका पानाचा फोटो काढत. अर्धा तास लागला. मध्येच हसायची आणि मला वाचून दाखवायची. एकाला तू लिहिलं होतंस की गिटार विकू नकोस, रुसलीय फक्त. मग तिने तो व्हिडिओ काढून टाकला. काढताना तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही.

ओट्यासमोरच्या तुझ्या स्टुलावर मी बसलो. तो डुगडुगतो, एका पायाखाली तू पुठ्ठ्याची घडी घातलीयस, तीही झिजलीय. प्लग हातात धरून मी सगळं सांगितलं. हिरवी वायर काय करते, ती परत कशी जोडायची, जोडल्यावर वायरमनकडून कशी तपासून घ्यायची. हम असेल तर साबणाची डबी फेका आणि पत्र्याची पेटी घ्या. आणि हे सगळं पहिल्यांदा मी केलं, माझ्या हाताने, माझ्या इमारतीत, आणि नंदूने ते माझ्याकडून घेतलं. माझं नाव सांगितलं, दुकानाचंही सांगितलं. चार वेळा अडखळलो. एका ठिकाणी तुला शिवी दिली, ती सईने तशीच ठेवली. टाळी वाजवायला मला काही जमलं नाही.

चार दिवस झाले त्याला. माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, ते तुम्हीच ना, आणि मी हो म्हणालो. एकाने दिलेली गिटार परत नेली. सतरा जणांनी खाली लिहिलंय की वायर परत जोडली, सई मोजतेय. प्रत्येकाला उत्तर द्यायचं काम तिने माझ्यावर टाकलंय, कारण चॅनेलची तशी पद्धत आहे म्हणे. मी देतो. ठीक आहे, असं लिहितो. ती म्हणते, काका, जरा प्रेमाने लिहा.

एक राहिलंय. शेगावचा कुणी मुलगा आहे, त्याला काहीच माहीत नसावं. त्याने लिहिलंय: "हे कोण आहेत? यांना नीट शिकवता येत नाही. दादा कुठे आहेत, ते परत कधी येणार?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे आणि दुसऱ्यावर माझं काही म्हणणं नाही, नंद्या, ते खरं आहे. तिसऱ्याला मी सकाळपासून उत्तर लिहितोय आणि खोडतोय.